चित्रपटी तोंडवळ्याचा इतिहास

लग्नाचे, गावच्या जत्रेचे किंवा एखाद्या लहानशा नाटुकल्याचे चित्रण करून आलेला तरुण आज संगणकापुढे संकलनास बसला म्हणजे त्याच्या मनात एक इच्छा ठरलेली असते. आपण टिपलेले चित्र ‘व्हिडिओसारखे’ दिसू नये, ‘सिनेमासारखे’ दिसावे. म्हणजे नेमके कसे, असे त्याला विचारले तर तो जरा अडखळतो. फरक डोळ्यांना कळतो, शब्दांत मात्र सापडत नाही. हा फरक कोठून आला, आणि फिल्मचा वीतभर तुकडाही न वापरता तो संगणकावर कसा निर्माण केला जाऊ लागला, हा आमच्या आजच्या निबंधाचा विषय आहे. विषय यंत्रांचा असला तरी त्याचा बराचसा भाग माणसाच्या सवयींचा इतिहास आहे, म्हणून तो या व्याख्यानमालेच्या श्रोत्यांस परका वाटू नये.

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. ज्याला आपण चित्रपटाचा तोंडवळा म्हणतो, त्यातील पुष्कळसा भाग कोणा कलावंताने योजून घडविलेला नाही. कारखानदारांची काटकसर, रसायनांचा स्वभाव आणि चित्रपटगृहांच्या मालकांची घाई यांतून तो घडला. दोन-तीन पिढ्यांनी तो पाहिला, आणि त्यालाच ‘कथा सांगणारे चित्र’ समजण्याची डोळ्यांना सवय लागली. पुढे या अडचणी ज्याला मुळीच नव्हत्या असे विजेवर चालणारे यंत्र आले, तेव्हा त्याला त्या अडचणी मुद्दाम शिकवाव्या लागल्या. मात्र त्या जुन्या अडचणींमध्ये काही खरोखरीचे गुण होते आणि काही केवळ खुणा होत्या. संकलकाचे सारे कसब हा भेद ओळखण्यात आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम वेगाचा प्रश्न घेऊ. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला तो हाताने फिरवावयाच्या विल्यमसन कॅमेऱ्यावर चित्रित करून. त्या काळच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दांडा एकदा फिरविला की आठ चौकटी उमटत. सेकंदाला दोन फेरे या हिशेबाने सोळा चौकटी होत. परंतु हात हा हातच. तो कधी मंदावे, कधी घाई करी, आणि प्रोजेक्टर चालविणारा तर आपल्या मर्जीचाच राजा असे. जुन्या मूकपटांतील माणसे आज पडद्यावर तुरुतुरु पळताना दिसतात, त्याचे कारण हेच की सोळा-अठरा चौकटींनी टिपलेली हालचाल आपण चोवीस किंवा पंचवीस चौकटींनी दाखवितो. त्या माणसांच्या चालण्यात काही विनोद नव्हता.

पुढे ध्वनी आला. डोळा वेगातला थोडा फरक सोसतो, कान सोसत नाही. वेग बदलला की गायकाचा स्वर चढतो किंवा उतरतो. म्हणून १९२६ च्या सुमारास अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियंत्यांना एक पक्का वेग ठरविणे भाग पडले. त्यांनी कोणते शास्त्रीय प्रयोग केले असतील, असे आपणांस वाटेल. त्यांच्यापैकी स्टॅन्ले वॉटकिन्स यांनी पुढे सांगितलेली हकिकत निराळी आहे. वॉर्नर कंपनीच्या मुख्य प्रोजेक्टर-चालकाला त्यांनी विचारले की चित्रपटगृहांत फिल्म किती वेगाने चालवितात. मोठ्या थिएटरांत मिनिटाला ऐंशी ते नव्वद फूट, आणि लहान थिएटरांत दिवसाचे जास्त खेळ उरकण्यासाठी शंभर फूट व त्याहूनही अधिक, असे उत्तर आले. तेव्हा मधला मार्ग म्हणून नव्वद फूट ठरले. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. हिशेब केला तर सेकंदाला बरोबर चोवीस चौकटी होतात. ज्या चोवीस या आकड्याला आज चित्रपटाचा प्राण समजतात, त्याचा जन्म असा आहे. १९३१ साली ‘आलम आरा’ आणि १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला, तेव्हा हाच वेग आपल्याकडे रूढ झाला.

चोवीसच्या जोडीला कॅमेऱ्याच्या शटरचे अर्धवर्तुळ आले. फिल्म पुढे सरकत असता प्रकाश अडवावा लागतो, म्हणून अर्धा वेळ खिडकी उघडी आणि अर्धा वेळ बंद. प्रत्येक चौकटीला त्यामुळे सेकंदाचा सुमारे अठ्ठेचाळिसावा भाग प्रकाश मिळतो. तेवढ्या वेळात हललेला हात चौकटीत थोडा पुसट उमटतो, आणि त्या पुसटपणामुळेच एका चौकटीतून दुसरीत जाताना डोळ्यांना धक्का बसत नाही. हा पुसटपणा आपण शब्दशः कधी पाहत नाही. तो नसला तरच जाणवतो.

टेलिव्हिजनची गोष्ट वेगळी होती. तेथे चित्राचा वेग विजेच्या प्रवाहावरून ठरला. अमेरिकेत वीज साठ आवर्तनांची, युरोपात व आपल्याकडे पन्नास. संपूर्ण चित्र सेकंदाला पन्नास वेळा पाठविणे त्या काळी अवघड होते, म्हणून चित्राच्या आडव्या रेघा विषम आणि सम अशा वाटून प्रथम एक अर्धे चित्र व मग दुसरे अर्धे पाठवावयाचे अशी युक्ती निघाली. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी टेलिव्हिजन सुरू झाला. आपण स्वीकारलेली पद्धत ६२५ रेघांची आणि सेकंदाला पन्नास अर्ध्या चित्रांची. याचा परिणाम असा, की टेलिव्हिजनच्या कॅमेऱ्याने हालचालीचे पन्नास निरनिराळे क्षण टिपले आणि फिल्मने चोवीस. टेलिव्हिजनचे चित्र त्यामुळे अधिक गुळगुळीत, अधिक ‘आत्ता घडणारे’ दिसले. बातम्या आणि क्रिकेटचा सामना असा दिसला म्हणजे ते योग्य वाटते. पण राणीच्या महालातील प्रसंग असा दिसला की महाल लाकडी फळ्यांचा वाटू लागतो.

हा भेद सामान्य प्रेक्षकालाही कळत होता, याचा एक गमतीचा पुरावा आहे. ब्रिटनमध्ये बराच काळ स्टुडिओतील प्रसंग व्हिडिओवर आणि बाहेरचे प्रसंग सोळा मिलिमीटर फिल्मवर चित्रित करीत. एकाच मालिकेत माणूस दारातून बाहेर पडला की चित्राचा पोतच बदले. ‘माँटी पायथन’ या विनोदी कार्यक्रमात १९७० साली याची थट्टा करणारा एक प्रवेश होता. सभेतील माणसे दार उघडून बाहेर जातात आणि घाबरून परत येतात, कारण बाहेर सगळीकडे फिल्म पसरली आहे! प्रेक्षकांना भेद ठाऊक नसता तर या विनोदाला कोणी हसले नसते.

आता प्रकाश आणि रंग यांकडे वळू. आमच्या मते या विषयाचा गाभा येथे आहे. इंग्लंडमधील विडनेस या कारखान्यांच्या गावी फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड हे दोघे रसायनांच्या कारखान्यात काम करीत आणि हौसेने छायाचित्रे काढीत. १८९० साली त्यांनी आपल्या मोजमापांचे फळ प्रसिद्ध केले. प्रकाश वाढत गेला म्हणजे काचेवरील काळेपणा कसा वाढतो, याचा त्यांनी आलेख काढला. तो सरळ रेघेचा नव्हता. आरंभी तो हळूहळू वर चढतो, मध्ये सरळ जातो आणि शेवटी पुन्हा वाकून आडवा होऊ लागतो. धंद्यातील लोक या टोकांना पाऊल आणि खांदा म्हणतात. या खांद्याचे महत्त्व एका उदाहरणाने सांगतो. भर उन्हात पांढरेशुभ्र धोतर नेसलेला गृहस्थ उभा आहे. फिल्मवर त्या धोतराच्या चुण्या फिक्या होत होत का होईना, पण दिसत राहतात, कारण वरच्या टोकाशी फिल्म प्रकाश थोडा थोडा सोसत जाते. जुन्या व्हिडिओच्या कॅमेऱ्याला हा सोसण्याचा स्वभाव नव्हता. एका मर्यादेपर्यंत तो इमानाने मोजी, आणि मर्यादा ओलांडली की पुढे सारे पांढरे. धोतराच्या जागी पुठ्ठा कापून लावल्यासारखे दिसे. ‘व्हिडिओ स्वस्त दिसतो’ असे जे म्हणत, त्यातील निम्मे तरी या एका गोष्टीमुळे.

रंगाचेही तसेच. फिल्ममधील रंग म्हणजे प्रकाश अडविणारी रंगद्रव्ये. रंग जितका दाट, तितका प्रकाश अधिक अडतो. म्हणून फिल्मवरचा गडद लाल हा काहीसा काळोखाकडे झुकलेला, पिकल्यासारखा असतो. व्हिडिओच्या पडद्यावर रंग प्रकाश मिसळून तयार होतात. तेथे लाल रंग बेताल वाढविला की तो भडक आणि उजळ होत जातो. लग्नातील शालू चित्रात पेटल्यासारखा दिसतो तो यामुळे. रंग हे कॅमेऱ्यात पुरे होत नाहीत, पुढच्या प्रक्रियेत होतात, हे प्रभात कंपनीला फार लवकर आणि कडू अनुभवाने कळले होते. १९३३ साली पडद्यावर आलेल्या ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रिंटा काढण्यासाठी जर्मनी गाठावी लागली, आणि एवढे करून रंग मनासारखे उतरले नाहीत. व्ही. शांताराम यांच्यासारखा दिग्दर्शक असूनही प्रयोगशाळेपुढे त्याचा इलाज चालला नाही.

याशिवाय दाणा आणि आभा. फिल्मवरील कण प्रत्येक चौकटीत निराळ्या जागी विखुरलेले असतात, म्हणून स्थिर भिंतसुद्धा पडद्यावर किंचित सजीव वाटते. दिव्याचा प्रखर प्रकाश फिल्मचे थर भेदून मागच्या बाजूवरून परततो आणि सर्वांत तळच्या, म्हणजे लाल रंग टिपणाऱ्या थरावर पुन्हा पडतो. म्हणून दिव्याभोवती तांबूस वलय उमटते. फिल्मच्या कारखान्यांनी हा दोष काढून टाकण्यासाठी मागे काळा लेप देण्यापर्यंत खटपट केली. आज तेच वलय संगणकावर विकत मिळते.

संकलनाच्या खोलीत बसून चित्राचा तोंडवळा बदलण्याची कल्पना मात्र संगणकाची नव्हे. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ या १९४१ सालच्या चित्रपटात आरंभी एक बनावट बातमीपट आहे. तो जुन्या, झिजलेल्या फितींतून जुळविल्यासारखा दिसावा म्हणून संकलक रॉबर्ट वाइज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती फिल्म वाळू भरलेल्या कापडातून ओढून घासली. चरे पडले, आणि चाळीस वर्षांचे आयुष्य काही तासांत तिच्यावर चढले. पुढे जे जे झाले त्याचे बीज आम्हांस या वाळूत दिसते.

व्हिडिओला फिल्मचे रूप देण्याचा धंदा अमेरिकेत १९८९ च्या सुमारास ‘फिल्मलुक’ या नावाने उभा राहिला. टेलिव्हिजनच्या मालिका स्वस्तात व्हिडिओवर चित्रित करावयाच्या आणि नंतर त्यांची हालचाल, उजेड-सावलीचा चढ व दाणा बदलून त्या फिल्मसारख्या करावयाच्या. हे काम तेव्हा मोठ्या यंत्रांचे होते. ते हौशी माणसाच्या टेबलापर्यंत आले ते डीव्ही या पद्धतीमुळे. १९९५ साली सोनीचा ‘व्हीएक्स १०००’ हा कॅमेरा बाजारात आला आणि व्हिडिओ आकड्यांच्या रूपात तारेतून थेट संगणकात उतरू लागला. तीन वर्षांनी, १९९८ साली, टॉमस व्हिंटरबर्ग या डॅनिश दिग्दर्शकाने ‘फेस्टन’ हा चित्रपट हातात मावणाऱ्या सोनी कॅमेऱ्यावर चित्रित केला आणि तो पस्तीस मिलिमीटर फिल्मवर उतरवून थिएटरांत दाखविला. कान महोत्सवात त्याला परीक्षकांचे पारितोषिक मिळाले. चित्र खरखरीत होते, दाणेदार होते. पण एका घरंदाज कुटुंबातील लपविलेले पाप उघडे पडते अशा त्या कथेला तो खरखरीतपणा शोभला. छायालेखक अँथनी डॉड मँटल यांनीच पुढे २००२ साली ‘ट्वेंटीएट डेज लेटर’चा बहुतेक भाग कॅननच्या लहान व्हिडिओ कॅमेऱ्यांवर टिपला. पहाटेचे निर्मनुष्य लंडन दाखवावयाचे होते. रहदारी थोडा वेळच अडविता येई, आणि तेवढ्यात अनेक कॅमेरे मांडावयाचे तर ते लहानच हवेत. शेवटचे शांत, हिरव्या डोंगरांतील प्रसंग मात्र त्यांनी फिल्मवर घेतले. तोंडवळ्यातील फरकच येथे कथेच्या उपयोगी पडला.

या दोन्ही चित्रपटांना युरोपची पन्नासची पद्धत फायद्याची ठरली. पन्नास अर्ध्या चित्रांची जोडी लावली की पंचवीस पुरी होतात, आणि पंचवीस किंचित सावकाश चालविली की चोवीस. उलट दिशेनेही हेच होई. आपल्या टेलिव्हिजनवर चित्रपट पंचवीस चौकटींनी धावे, म्हणून थिएटरात दीडशे मिनिटे चालणारा चित्रपट घरी एकशे चव्वेचाळीस मिनिटांत संपे. जाहिरातींच्या गर्दीत हे कोणाच्या ध्यानात आले नाही! अमेरिकेच्या साठवरून चोवीसवर येणे मात्र त्रासाचे होते. ती अडचण ‘मॅजिक बुलेट’ या संगणकावरील साधनाने २००२ साली पुष्कळशी सोडविली, आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा ‘डीव्हीएक्स १००’ हा स्वतःच चोवीस चौकटी टिपणारा, थोड्या किमतीचा कॅमेरा आला. पुढे कॅननचा ‘फाइव्ह डी मार्क टू’ हा छायाचित्रांचा कॅमेरा २००८ साली चलच्चित्रही घेऊ लागला, पण फक्त तीस चौकटींनी. विकत घेणाऱ्यांनी इतका आग्रह धरला की २०१० साली कंपनीला चोवीसची सोय करून द्यावी लागली. एका प्रोजेक्टर-चालकाच्या अंदाजाची सत्ता चौऱ्याऐंशी वर्षांनंतरही अशी चालू होती.

दुसरीकडे, मोठ्या चित्रपटांच्या दुनियेत उलट दिशेने वाट निघत होती. तेथे चित्रण फिल्मवरच होई, पण मधले काम संगणकावर जाऊ लागले. कोडॅकने सिनिऑन नावाची व्यवस्था उभी केली आणि १९९३ साली डिस्नेचा जुना ‘स्नो व्हाइट’ संपूर्ण संगणकात घेऊन, स्वच्छ करून पुन्हा फिल्मवर उतरविला. सिनिऑनमध्ये फिल्मचा काळेपणा लॉगरिदमच्या, म्हणजे पटीच्या हिशेबाने नोंदला जाई, त्यामुळे सावली आणि ऊन दोन्ही थोड्या आकड्यांत मावत. २००० सालच्या ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या चित्रपटात त्याचे पूर्ण सामर्थ्य दिसले. कथा मंदीच्या काळातील धुळकट, करपलेल्या मिसिसिपीची. आणि चित्रण करावयाचे ते ऐन हिरव्यागार उन्हाळ्यात. छायालेखक रॉजर डीकिन्स यांनी प्रयोगशाळेतील जुने उपाय करून पाहिले. ते पुरेना, तेव्हा सबंध चित्रपट संगणकात घेऊन झाडांची हिरवळ वाळक्या गवताच्या पिवळेपणाकडे नेली. सबंध चित्रपटाचे रंग अशा रीतीने घडविण्याचा हा पहिला मोठा प्रयोग. प्रभातला जे जर्मनीत जाऊन साधले नाही ते आता एका खोलीत, एका माणसासमोर, हवे तितक्या वेळा करून पाहता येऊ लागले.

पटीने नोंद करण्याची हीच कल्पना पुढे कॅमेऱ्यात शिरली. जर्मन ॲरी कंपनीच्या ॲलेक्सा या २०१० सालच्या कॅमेऱ्याची ‘लॉग सी’ ही नोंद सिनिऑनच्याच वंशातील. असे चित्र प्रथम पाहणाऱ्यास धुवट आणि राखट दिसते, कारण ते पाहण्यासाठी नसतेच. संकलकाने पुढे घडवावे म्हणून सावली व ऊन जपून ठेवलेले असते. जुन्या भाषेत ती निगेटिव्ह आहे. आणि निगेटिव्हला जशी प्रिंटची फिल्म लागे, तशी येथे एक कोष्टकवजा फाइल लावतात. या रंगाच्या जागी तो रंग, या उजेडाच्या जागी तो उजेड, असे त्यात लिहिलेले असते. धंद्यात तिला ‘लट’ म्हणतात. कोडॅकच्या २३८३ क्रमांकाच्या प्रिंट फिल्मची नक्कल करणाऱ्या लट आज अनेक आहेत. आमच्याकडील पुष्कळ तरुण नेमके येथेच फसतात. लॉगसाठी बनविलेली लट ते साध्या, आधीच रंग चढलेल्या चित्रावर लावतात; मग नवऱ्यामुलाचा कोट आणि त्यामागचा अंधार एक होतो, आणि चेहरे वीटकरी होतात. चोखंदळ संकलक आधी उजेड नीट बसवितो, धोतराच्या चुण्या शिल्लक आहेत का पाहतो, शालूचा रंग दाट करताना त्याचा उजेड थोडा उतरवितो, व्हिडिओ कॅमेऱ्याने कडांना दिलेली कृत्रिम धार बोथट करतो. दाणा सर्वांत शेवटी. लट न लावताही यांतील बरेच साधते.

या कामाची साधने कोणाच्या हाती आली, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील दा व्हिंची कंपनीची रंगदुरुस्तीची यंत्रे एके काळी फक्त मोठ्या स्टुडिओंना परवडत. २००९ साली ऑस्ट्रेलियाच्या ब्लॅकमॅजिक कंपनीने ती विकत घेतली, आणि दोन वर्षांत ‘रिझॉल्व्ह’ची एक आवृत्ती फुकट मिळू लागली. सांगलीच्या किंवा लातूरच्या मुलाजवळ आज जे साधन आहे त्याची जात हॉलिवुडमधल्या साधनाचीच आहे. मधल्या काळात, २००९ साली, मुंबईत चित्रित झालेल्या ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ला छायालेखनाचे ऑस्कर मिळाले. बहुतांशी डिजिटल कॅमेऱ्यावर घेतलेल्या चित्रपटाला तो मान प्रथमच मिळत होता. छायालेखक पुन्हा डॉड मँटलच. धारावीच्या बोळांतून धावणाऱ्या मुलांमागे मोठा फिल्म-कॅमेरा घेऊन पळणे शक्य नव्हते. वादाचा निकाल येथे लागला असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही संकलनाला मर्यादा आहेत. जे ऊन कॅमेऱ्याने नोंदलेच नाही ते कोणतीही लट परत आणीत नाही. फार जलद शटरने घेतलेल्या हालचालीतला पुसटपणा नंतर कृत्रिम रीतीने घालता येतो, पण बोटे आणि पदर यांच्या कडांशी तो फसतो. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वीज पन्नास आवर्तनांची, म्हणून ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा मंद-तीव्र होते. मंगल कार्यालयात चोवीस चौकटी आणि अठ्ठेचाळिसावा भाग शटर ठेवले की चित्रात उजेड हिंदकळतो. शटर पन्नासावर ठेवले की स्थिरावतो. ही गोष्ट चित्रणाच्या वेळी न पाहता संकलनात दुरुस्त करू म्हणणारा रात्री जागतो.

काळ्या पट्ट्यांविषयी तर आम्हांस स्पष्टच बोलले पाहिजे. १९५३ साली ‘द रोब’ या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आला तो घरच्या टेलिव्हिजनपेक्षा प्रेक्षकाला अधिक काही देण्यासाठी. आपल्याकडे गुरुदत्त यांनी १९५९ साली ‘कागज के फूल’मध्ये तो प्रथम वापरला आणि रिकाम्या स्टुडिओचा विस्तार त्यात भरला. आज व्हिडिओच्या वरखाली काळ्या पट्ट्या चिकटवितात तेव्हा टिपलेले चित्रच झाकले जाते. माणसाचे कपाळ जाते आणि हाती काही येत नाही. ही नुसती खूण झाली. मूळ रचनाच आडव्या विस्ताराची असेल तर गोष्ट वेगळी.

मग चोवीस हा आकडा गुण की खूण? याविषयी आमच्या मनात दोन्ही बाजूंना वजन आहे. पीटर जॅक्सन यांनी २०१२ साली ‘द हॉबिट’ अठ्ठेचाळीस चौकटींनी दाखविला. यंत्राच्या दृष्टीने ते चित्र अधिक पूर्ण होते. पण अनेक प्रेक्षकांची तक्रार अशी की हे टेलिव्हिजनच्या मालिकेसारखे दिसते, रंगभूषा आणि सजावट उघडी पडते. नुसती सवय म्हणून ही तक्रार उडवून लावता येईल. तथापि कमी चौकटींमुळे डोळ्यांना जे भरून काढावे लागते त्यात कल्पनेला जागा राहते, हेही खोटे नाही.

अलीकडची दोन उदाहरणे या इतिहासाला वेगळे वळण देतात. २०२१ सालचा ‘ड्यून’ डिजिटल कॅमेऱ्यावर चित्रित झाला, मग फिल्मवर उतरविला आणि ती फिल्म पुन्हा संगणकात घेतली. रंगाला ज्याप्रमाणे तुरटीच्या पाण्यातून काढावे, तसे चित्राला फिल्ममधून नुसते काढले. २०२३ सालच्या ‘द होल्डओव्हर्स’ची कथा १९७० च्या नाताळातील. तोही डिजिटल, पण त्याचा दाणा, वलये, चौकटीची किंचित डुलकी आणि चरे असे बसविले की चित्रपट खरोखरीच त्या वर्षीच्या जुन्या पेटीतून काढला असे वाटावे. दोन्ही कामे उत्तम आहेत. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थबकावे.

चित्रावरचे चरे हा आजवर एक पुरावा होता. ‘राजा हरिश्चंद्र’ची जी थोडी रिळे उरली आहेत ती १९१३ च्या चित्रपटाची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, याविषयी अभ्यासकांत वाद आहे, पुष्कळांचा कौल १९१७ कडे आहे. वाद असला तरी तो करावयास वस्तू आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून फिल्मचे कारखानदार तिच्या कडेला खुणा छापू लागले आणि त्यांवरून तिचे वय काढता येऊ लागले. आकुंचन पावलेली फिल्म मोजता येते, तिचा वास घेता येतो. आकड्यांच्या चित्राला वास नाही. त्याच्यावर १९४७ सालचा तोंडवळा चढविणे आज एका दुपारचे काम आहे, आणि पाहणाऱ्याचा डोळा, गेल्या शंभर वर्षांच्या सवयीने, तो खरा मानावयास तयारच असतो. ‘सिटिझन केन’च्या प्रेक्षकाला ठाऊक होते की केन हा कल्पित माणूस आहे. भ्रमणध्वनीवर आलेली दहा सेकंदांची ‘जुनी’ चित्रफीत पाहणाऱ्यास तेवढेही ठाऊक नसते. म्हणून जुने रूप दिलेल्या चित्राची मूळ, न रंगविलेली फाइल तारखेनिशी जपून ठेवणे संकलकाने आपल्या कामाचाच भाग समजावा, असे आम्ही सुचवितो. त्याला खर्च फारसा येत नाही.

पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आता ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. जुन्या चित्रपटांच्या जीर्णोद्धारात फिल्म संगणकात घेतात आणि चौकटीमागून चौकट तपासून चरे, डाग आणि डुलकी काढून टाकतात. एकेका रिळाला फार वेळ लागतो, कारण पावसाची बारीक सर कोणती आणि चरा कोणता हे यंत्राला नेहमीच ओळखता येत नाही. तेथे माणूस बसवावा लागतो.